एका गिअरचं व्रत

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागलं की खोपोलीपर्यंत सायकलला फारसा त्रास होत नाही. खोपोलीच्या पुढे बोरघाट सुरू होतो आणि खंडाळ्याला पोचेपर्यंत जवळजवळ ५०० मीटरची चढण अंगावर येते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट सर्वांच्या आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि शर्यत जिंकणाऱ्याच्या बरोबरीने त्याचंही कौतुक होतं. ते रास्तच आहे. सपाटीवर पुढच्या सायकलच्या आडोशाला राहून वारा चुकवता येतो, घोळक्याबरोबर वाहत जाता येतं. चढावर ती सोय जवळजवळ संपते. तिथे प्रत्येकाला आपलं वजन आपणच वर न्यावं लागतं. या चढाच्या निमित्ताने मला एक धर्माचा प्रश्न मांडायचा आहे. जगात काही सायकलस्वार असे आहेत, की बारा गिअरची माउंटन बाइक घेण्याची त्यांची ऐपत आहे, ती दुकानात मिळतेही, आणि तरी ते मागची एक चकती ठेवून बाकी सगळं काढून टाकतात आणि त्या एका गिअरवर डोंगरातल्या शर्यतीत उतरतात. या प्रकाराला ‘सिंगलस्पीड’ म्हणतात. ही निव्वळ हौस आहे, की आपण ज्याला व्रत म्हणतो त्याच जातीची गोष्ट आहे? आणि व्रत असेल तर ते शर्यतीत पाळता येईल का? व्रत स्वतःशी असतं, शर्यत दुसऱ्याशी. माझं म्हणणं असं, की ही गोष्ट व्रताच्याच जातीची आहे आणि शर्यतीमुळे तिला बाध येत नाही. शिवाय मर्यादा कुठपर्यंत व्रत असते आणि कुठे तिचा जुलूम होतो, हे पारखायला आजच्या जगण्यात याहून स्वच्छ उदाहरण सहजी सापडत नाही.

आधी यंत्र पाहू, कारण या प्रश्नातला बराचसा अर्थ यंत्रातच आहे. हल्लीच्या माउंटन बाइकला पुढे साधारण ३२ दातांचं एकच चेनव्हील असतं आणि मागे बारा चकत्यांचा संच. त्यातली सर्वांत मोठी चकती ५१ दातांच्या आसपास. चेन त्या मोठ्या चकतीवर असताना पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.४ मीटर पुढे सरकते. सिंगलस्पीडवाला पुढे तेच ३२ दात ठेवतो आणि मागे १८ किंवा २० दातांची एकच चकती लावतो. २० दातांवर एका फेऱ्यात सायकल जवळजवळ ३.७ मीटर जाते. म्हणजे गिअरवाला ज्या चढावर सीटवर बसून, दम सांभाळत पाय फिरवत राहतो, त्याच चढावर याला प्रत्येक फेऱ्यात अडीच पट जोर लावावा लागतो. चढाच्या अलीकडेच वेग घ्यावा लागतो, कारण मधे तो कमावता येत नाही. मग सीटवरून उठायचं, हँडल आळीपाळीने दोन्ही बाजूंनी खेचत सगळं वजन पायडलवर टाकायचं. पण फार पुढे झुकलं तर मागच्या चाकावरचा भार उतरतो, चाक सुट्या मुरमावर जागच्या जागी गरकन फिरतं आणि सायकल थांबते. फार मागे राहिलं तर पुढचं चाक उचलतं. या दोन्हींच्या मधली जागा दर वळणावर नव्याने शोधावी लागते. सपाटीवर दुखणं उलटं असतं. पाय कितीही भराभर मारले तरी एका हद्दीपलीकडे वेग वाढत नाही आणि गिअरवाला शेजारून सरळ निघून जातो. थोडक्यात, सपाटीवर कुणाचा पाठलाग करता येत नाही आणि चढावर कुणासाठी हळू होता येत नाही, कारण हळू झालं की पाय जमिनीवर येतो. प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चालीला उत्तर देण्याचं साधनच काढून टाकलेलं असतं. शर्यत चालूच असते, पण स्वाराला ती स्वतःच्या चालीनेच करावी लागते.

ती चाल ठरते आदल्या रात्री. मागचं चाक काढायचं, चकती धरून ठेवणारी रिंग सोडवायची, नवी चकती चढवायची, चेन सरळ रेषेत येईल अशा बेताने दोन्ही बाजूंना कड्या भरायच्या, चाक मागे ओढून चेनचा ताण जमवायचा. सैल राहिली तर खड्ड्यात चेन पडणार; फार ताठ झाली तर पायडल जड फिरणार. १८ दात लावले तर सपाटीवर चार पावलं पुढे राहता येईल, पण मोठ्या चढावर उतरावं लागेल. २० लावले तर चढ निघेल, सपाटीवर मात्र लोक पुढे जाताना पाहत राहावं लागेल. रस्ता पाहून, आपले पाय, आपलं वजन, आपला दम ओळखून हे ठरवायचं आणि एकदा ठरवलं की दुसऱ्या दिवशी रस्ता काहीही म्हणो, त्यात बदल नाही. व्रताच्या आधी संकल्प सोडतात तो याचसाठी. भूक लागल्यावर उपास करायचा की नाही हे ठरवायला बसलं तर उपास कधीच होणार नाही. निर्णय आधी, कसोटी नंतर, आणि दोन्हींच्या मधे पळवाट नाही, ही रचना दोन्हीकडे सारखीच आहे. आणखी एक साम्य मला जास्त मोलाचं वाटतं. नियम सर्वांना एकच: गिअर एक. पण तो कोणता, हे ज्याचं त्याने ठरवायचं. शेजाऱ्याने १८ लावले म्हणून आपण १८ लावणारा माणूस पहिल्या मोठ्या चढावर फसतो. दुसऱ्याचा धर्म उत्तम आचरण्यापेक्षा आपला धर्म उणा का होईना, पण आपला बरा, हे गीतेचं म्हणणं इथे लोखंडाच्या दातांत मोजून दाखवता येतं. पनवेलच्या शेजारच्या पेण तालुक्यात, गागोद्याला १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात जी गीता-प्रवचनं दिली, त्यांत स्वधर्मावर इतका भर आहे तो उगीच नाही. मात्र स्वधर्म या कल्पनेचा आपल्याकडचा इतिहास निर्मळ नाही, आणि तो विषय टाळून हा विचार पुरा करता येणार नाही. त्याकडे येतोच.

सायकलच्या इतिहासात एका गिअरवरून मोठा वाद झालेला आहे आणि तो या प्रश्नाला थेट लागू पडतो. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल द व्हिव्ही नावाचा एक गृहस्थ गिअर बदलणाऱ्या सायकलींचा पुरस्कार करत होता. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो ओळखला जाई. १९०२ साली तिथल्या टूरिंग क्लबने एक चाचणी घेतली. डोंगराळ रस्त्यावर एका बाजूला एदुआर फिशर हा नावाजलेला शर्यतपटू, एका गिअरच्या सायकलवर. दुसऱ्या बाजूला मार्त हेस ही स्त्री, तीन गिअरच्या सायकलवर. हेस जिंकली. यावर आन्री देग्रांज या संपादकाचं म्हणणं असं, की असले गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक; स्नायूंच्या बळावर जिंकणं हेच खरं जिंकणं. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, याच देग्रांजने टूर द फ्रान्स सुरू केली आणि तीत चालता-चालता गिअर बदलण्याच्या यंत्राला १९३७ पर्यंत मनाई राहिली. घाट आला की स्वार खाली उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं फिरवून दुसऱ्या बाजूची मोठी चकती पुढे आणायचे आणि पुन्हा निघायचे. कठोरपणा एवढ्यावरच थांबत नव्हता. १९१३ साली तुरमालेच्या उतारावर एजेन क्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. तो सायकल खांद्यावर टाकून काही कोस चालत खालच्या गावात गेला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातांनी चिमटा सांधत बसला. शर्यतीचे अधिकारी शेजारी उभे राहून बघत होते, कारण दुसऱ्याची मदत घ्यायला बंदी होती. दोन हात हातोड्यात गुंतलेले, म्हणून एका पोराने भाता ओढला. तेवढ्यासाठी क्रिस्तोफला दंड झाला.

देग्रांजच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. यश कशाचं, शरीराचं की साधनाचं, हा प्रश्न खरा आहे आणि प्रत्येक खेळाला तो कधी ना कधी सोडवावा लागतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी: मर्यादा देग्रांज घालत होता आणि ती पाळत होते दुसरे. तो स्वतः मोटारीतून शर्यतीबरोबर फिरत असे, आणि क्रिस्तोफने भट्टीवरचे ते हाल स्वतः ओढवून घेतलेले नव्हते. याच्याशी १९९० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेली गोष्ट ताडून पाहावी. तोवर माउंटन बाइकला गिअर असणं इतकं गृहीत झालं होतं की दुकानात दुसरं काही दिसेना. नेमक्या त्या वेळी काही जणांनी गिअर उतरवले आणि एका गिअरची जागतिक शर्यत भरवायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेची तिला मान्यता नाही आणि त्यांना ती हवीशीही वाटत नाही. चकती तीच, चेन तीच, चढाचं दुखणं तेच. पण १९३६ साली जी मनाई होती ती इथे व्रत झाली. फरक यंत्रात कुठेच नाही. मर्यादा कुणी घातली आणि तिचा भार कुणी उचलला, एवढ्यातच तो आहे. ज्याने मर्यादा घालून घेतली त्यानेच तिचा भार वाहिला, तर ते व्रत. घालणारा एक आणि वाहणारा दुसरा, तर तिला दुसरं काहीही म्हणावं, पण व्रत म्हणू नये.

हे माप आपल्या परंपरेवर लावून पाहिलं की त्याचा खरेपणा पटतो. पंढरपूरला एसटी जाते, रेल्वे जाते. आषाढीला जादा गाड्या सुटतात. वारकरी तरीही चालतो, आणि चालण्याची सक्ती त्याच्यावर कुणी केलेली नसते. पण पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट लागतो तेव्हा माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जोडतात. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. माणसं पायीच चालतात, घाट आला म्हणून कुणी गाडीत बसत नाही. पण बैलांनी पायी वारीचं व्रत घेतलेलं नाही, म्हणून त्यांच्या वाट्याचं ओझं वाटून दिलं जातं. व्रत आपलं आहे, बैलांचं नाही, ही समज ज्या परंपरेत मुरलेली आहे तिला व्रताचा अर्थ कळला आहे. विनोबांचंही तसंच. १९५१ साली पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली आणि तिथून पुढे तेरा वर्षं हा माणूस देशभर पायी हिंडला. पण वाहनं वाईट, यंत्रं वाईट असा धोशा त्यांनी लावला नाही. उलट विज्ञान आणि अध्यात्म हातात हात घालून चालले पाहिजेत हे ते सतत सांगत राहिले. साधन नाकारणं आणि साधनाचा द्वेष करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सिंगलस्पीडवाला गिअरला नावं ठेवू लागला की त्याचं व्रत संपून देग्रांजगिरी सुरू होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. पनवेलच्या बाजारपेठेत, कळंबोलीच्या लोखंड बाजारात, नव्या इमारतींच्या पहारेकऱ्यांकडे, पेपर टाकणाऱ्यांकडे, पाववाल्यांकडे जी सायकल असते तिलाही एकच गिअर असतो. मागे कॅरिअर, त्यावर दोरीने आवळलेलं ओझं आणि उड्डाणपुलाच्या चढावर उतरून ढकलणारा माणूस. त्याला कुणी व्रतस्थ म्हणत नाही. मग ज्याच्याकडे पर्याय आहे त्याने गरिबीचं सोंग आणावं आणि त्याला साधना म्हणावं, हा श्रीमंतांचा चोचला नव्हे काय? उत्तर असं, की आक्षेपातलं निरीक्षण बरोबर आहे आणि निष्कर्ष चूक. पाववाल्याच्या एका गिअरला व्रत म्हणणं हा त्याचा अपमानच ठरेल, कारण त्याने तो निवडलेला नाही. त्याला उद्या गिअरची किंवा विजेवर चालणारी सायकल मिळाली तर ती त्याने आनंदाने घ्यावी आणि आपणही आनंद मानावा. साधेपणाचं कौतुक करणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी मान्य केलं पाहिजे. लाचारीतल्या अभावाला वैराग्याचं नाव देणं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे आणि तिने पुष्कळ अन्याय झाकला आहे. पण म्हणून निवडलेला अभाव खोटा ठरत नाही. एकादशीचा उपास करणारा हा उपाशी माणसाची नक्कल करत नसतो. तो वेगळी गोष्ट करतो, तिची किंमत वेगळी आहे, आणि उपाशी माणसाला अन्न देण्याच्या कर्तव्यातून त्या उपासाने सुटका मिळत नाही.

निवडलेली आणि लादलेली मर्यादा यांची गल्लत किती महागात पडते हे पाहायला लांब जायला नको. पनवेल तालुक्यातल्या धोदाणीच्या डोक्यावर माथेरान आहे. तिथे मोटारींना बंदी आहे. २००३ साली तो परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. ती बंदी मला हवीशी वाटते, तिथली झाडं आणि शांतता तिनेच राखली. पण वर्षानुवर्षं तिचा भार कुणी उचलला? लाल मातीच्या चढणीवर पाहुण्यांना बसवून हातरिक्षा ओढणाऱ्यांनी. संयमाचं पुण्य पाहुण्याच्या खात्यावर आणि ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर, असा तो हिशेब होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा देण्याची वाट दाखवली, तेव्हा तो हिशेब दुरुस्त झाला. मोटारबंदीचं व्रत मोडलं असं त्याने होत नाही. दिवे घाटातल्या जादा बैलजोड्यांसारखंच ते आहे. आणि याहून मोठा हिशेब याच जिल्ह्यात झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचं दहन झालं. स्वधर्माचा इतिहास निर्मळ नाही असं वर म्हटलं ते यासाठी. कुणी कोणत्या कामाला आणि कोणत्या पाण्याला हात लावायचा हे जन्माआधीच ठरवून टाकणं, आणि मग त्यालाच त्याचा धर्म म्हणून गौरवणं, म्हणजे दुसऱ्याच्या सायकलला आपण चकती लावून वर तिला सील ठोकण्यासारखं आहे. गीतेतला स्वधर्म जपायचा असेल तर तो जन्माच्या हातून काढून निवडीच्या हाती दिला पाहिजे. महाडनंतर त्याचा दुसरा कोणताही अर्थ लावायला मी तयार नाही.

दुसरा आक्षेप शर्यतीवरच आहे. व्रत अंतर्मुख असतं, शर्यत अहंकाराला खतपाणी घालते. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मान मिळावा, लोकांनी वाखाणावं म्हणून दंभाने केलेलं तप तिथे राजस ठरवलं आहे आणि ते टिकत नाही असंही म्हटलं आहे. मग ज्या व्रताच्या शेवटी निकाल लागतो, ते राजसच नाही का? मला वाटतं, आक्षेप घेणारे एकांताला फार लवकर निर्दोष ठरवतात. एकांतातलं तप मिरवायला सोपं असतं, कारण ते मोजायची सोय नसते. मी किती पहाटे उठतो, किती कमी खातो, हे सांगणाऱ्याला खोडून काढणार कोण? शर्यतीत निकालाचा कागद लागतो. पन्नासांत चाळिसावा आलेल्या माणसाला आपण चाळिसावे आहोत हे सर्वांसमक्ष कळतं, आणि पुढच्या खेपेला तो पुन्हा येतो. दंभाला इतका चांगला उतारा थोड्याच आश्रमांत मिळत असेल. शिवाय शर्यत हा साक्षीदार असतो. एकट्याने चढताना मधेच थांबून, आज बरं वाटत नाही म्हणून परत फिरणं सोपं असतं. बाकीचे चढत असतात तेव्हा आपणही चढतो. वारकरी दिंडीत चालतो, एकटा चालत नाही, याचं कारणही तेच आहे. वारीत रिंगण असतं, अश्व धावतो, माणसं धावतात, फुगड्या होतात. खेळाने भक्ती पातळ होते असं त्या परंपरेला कधी वाटलं नाही. रिंगणात कुणी हरत नाही आणि शर्यतीत हरतात, हा फरक खरा आहे. पण आधी सांगितलेला यंत्राचा गुण इथे कामाला येतो. एका गिअरवर दुसऱ्याला उत्तर देता येत नाही, म्हणून दुसरा पुढे गेला तरी आपली चाल आपल्याला बदलता येत नाही. फळावर नजर ठेवून काम करू नये असं सांगणं सोपं असतं; इथे यंत्रच नजर खालच्या मुरमावर ठेवायला लावतं.

त्या जागतिक शर्यतीतली एक प्रथा मात्र मला मान्य नाही. जिंकणाऱ्याने अंगावर त्या वर्षीचं गोंदण करून घ्यायचं, अशी तिथे रीत आहे. व्रताची खूण अंगावर बाळगणं आपल्याला नवं नाही. तुळशीची माळ तशीच आहे. पण माळ पहिल्या आलेल्याला घालत नाहीत. जो पाळीन म्हणतो त्याच्या गळ्यात ती पडते आणि त्या दिवसापासून तीच त्याला बांधून ठेवते. जिंकलेल्याच्याच अंगावर उमटणारी खूण विजयाची असते, व्रताची नाही, आणि राजस तपाबद्दलचा गीतेचा इशारा नेमका तिथे लागू पडतो. त्या मंडळींचा खेळकरपणा मला समजतो, तरीही हा दोष दोषच आहे.

तिसरा आक्षेप शरीराचा. जड गिअरवर उभं राहून चढताना गुडघ्यांवर आणि कमरेवर भलताच ताण येतो. हे शरीराला पीडा देणं नव्हे का? ज्या अध्यायाचा दाखला वर दिला त्याच अध्यायात शरीराला कष्टवणाऱ्या उग्र तपाची स्पष्ट निंदा आहे, सहाव्या अध्यायात आहार-विहारात बेताने राहणाऱ्यालाच योग साधतो असं म्हटलं आहे, आणि गौतम बुद्धाने उग्र तपश्चर्या करून पाहिली, निरुपयोगी म्हणून सोडली आणि मधला मार्ग धरला. हे सगळं मान्य करूनही मी म्हणेन, की खऱ्या व्रताची रचना मुळात दयाळू असते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचा जो प्रचंड पसारा मांडला आहे, त्यातून फिरताना जाणवतं की धर्मशास्त्रकारांनी कडकपणाइतकाच सवलतींचाही विचार केला होता. पाणी, फळं, दूध, औषध घेतल्याने उपास मोडत नाही. आजारी माणसाला, गर्भवतीला वेगळी वाट आहे. सिंगलस्पीड शर्यतीतही उतरून सायकल ढकलणं नियमात बसतं. जिथे चढ पायांच्या बाहेरचा आहे तिथे ढकलत जायचं, वर गेल्यावर पुन्हा बसायचं. त्याने कुणी बाद होत नाही. गुडघा बोलू लागला तर पुढच्या वेळी दोन दात वाढवावेत. दुखणं हे व्रताचं माप नाही. दुखण्यालाच माप समजणाऱ्याने गीता उलटी वाचली आहे.

राहता राहिला सर्वांत साधा आक्षेप: यातून जगाला मिळतं काय? मुद्दाम अडथळा उभा करायचा आणि मग तो ओलांडल्याचा आनंद मानायचा, हे पोरकट नाही का? बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ सालच्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात दाखवून दिलं, की प्रत्येक खेळाचा पाया हाच आहे: गरज नसलेले अडथळे आपखुशीने पत्करणं. गोल्फचा चेंडू हाताने नेऊन खड्ड्यात टाकता येतो, पण मग तो गोल्फ उरत नाही. खेळाचा बचाव एवढ्याने होतो, व्रताचा मात्र पुरता होत नाही, कारण व्रताकडून आपण खेळाहून काही जास्त मागतो. विनोबांच्या पायपिटीतून भूमिहीनांना जमीन मिळाली. एका गिअरवरच्या शर्यतीतून कुणाला काही मिळत नाही. म्हणून मी हे व्रत लहान मानतो. पण लहान व्रतांचं एक काम असतं आणि ते मोठ्यांनी होत नाही. जी वस्तू हाताशी आहे ती न वापरता राहता येतं, आणि राहूनही आनंदात राहता येतं, याची खात्री माणसाला आधी लहान प्रमाणात पटावी लागते. आज प्रत्येक अडचणीवर एक नवं साधन विकत मिळतं आणि ते न घेणाऱ्याकडे काहीतरी कमी आहे असं आपण धरून चालतो. अशा काळात पुढे ३२ आणि मागे २० दात घेऊन, बाकीचं नको म्हणून, हसत डोंगराला लागणारा माणूस एक गोष्ट सिद्ध करतो: पुरे म्हणण्याचा अधिकार अजून आपल्याकडे आहे. हा अधिकार वापरायची सवय असलेला माणूस पुढे जमिनीच्या, पाण्याच्या, पैशाच्या बाबतीतही पुरे म्हणेल याची हमी मी देत नाही. मात्र ज्याने आयुष्यात एकदाही पुरे म्हटलेलं नाही, त्याच्याकडून ती अपेक्षा करणं त्याहून कठीण आहे.

पनवेल, पेण, कर्जत, खोपोली या पट्ट्यात सायकल शर्यती भरवणाऱ्या मंडळींना म्हणून माझी विनंती आहे. गाढेश्वरच्या अंगाने, प्रबळगडाच्या पायथ्याच्या मातीच्या वाटांवर शर्यत ठेवाल तेव्हा एका गिअरचा स्वतंत्र गट ठेवा आणि त्याचं बक्षीस गिअरच्या गटाइतकंच ठेवा. प्रत्येक स्वाराने निवडलेले दात सुरुवातीआधीच त्याच्या क्रमांकाच्या पाटीवर लिहा आणि निकालाच्या कागदावर नावापुढे छापा, म्हणजे कोण कितवा आला याबरोबर कुणी काय पत्करलं होतं हेही दिसेल. उतरून ढकलणाऱ्याला बाद करू नका. कामाची साधी सायकल घेऊन जो येईल त्याच्यासाठी वेगळा गट करा, त्याच्याकडून प्रवेश शुल्क घेऊ नका आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून गिअरची सायकल द्या. मुलांच्या गटाला मात्र एका गिअरची अट घालू नका. ती अट त्यांनी अजून स्वतः निवडलेली नाही.